वाटण, कांदा आणि मोटर : मोठ्या स्वयंपाकघरातल्या मशीनविषयी वाचकांचे प्रश्न

खाणावळी, ढाबे, केटरर आणि बचत गटांकडून मशीनविषयीची बरीच पत्रं आली. त्यांतली निम्मी 'कोणत्या कंपनीचं घेऊ?' एवढीच होती. त्यांचं उत्तर एका ओळीत देता येत नाही, कारण तुमच्याकडे रोज काय आणि किती किलो होतं हे पत्रात नव्हतं. ज्यांनी ते लिहिलं, त्यांची पत्रं इथे घेतली आहेत.

आमची विश्रामबागला खाणावळ आहे. दोन्ही वेळची मिळून १५० ताटं होतात. घरगुती ७५० वॅटचा मिक्सर वापरतो. वर्षात दोनदा मोटर जळाली. दुकानदार म्हणतो, १००० वॅटचा 'कमर्शियल फूड प्रोसेसर' घ्या. कापणं, किसणं, वाटणं, कणीक मळणं, सगळं एकाच मशीनवर. घ्यावा का? – खाणावळचालक, सांगली

नका घेऊ. आधी जळालेल्या मिक्सरच्या बुडावरची पट्टी वाचा. बहुतेक घरगुती मिक्सरवर '३० मिनिट रेटिंग' असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ५ मिनिटं चालू, २ मिनिटं बंद, असं करत एका बैठकीला अर्धा तास. त्यापुढे मिक्सरने चालावं अशी अपेक्षा बनवणाऱ्यानेही ठेवलेली नाही.

आता तुमचा हिशेब. रश्श्याला ताटामागे ४०-५० ग्रॅम वाटण धरलं तरी १५० ताटांना ६ ते साडेसात किलो होतं. दीड लिटरच्या भांड्यात ओलं वाटण ६००-७०० ग्रॅमच नीट फिरतं. म्हणजे दहा-अकरा भांडी, आणि कांदा-खोबरं गंधासारखं वाटायला प्रत्येकी चार मिनिटं. झाली चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. वर शेंगदाण्याचं कूट, हिरवी चटणी, आलं-लसूण आहेच. सकाळी दहाच्या घाईत दर पाच मिनिटांनी दोन मिनिटं थांबायला कुणाला सवड असते?

जळण्याचं कारण असं. या मिक्सरची मोटर कार्बन ब्रशची असते, रिकामी असताना मिनिटाला १८-२० हजार फेरे घेते आणि तिच्याच दांड्यावरच्या पंख्याने थंड होते. घट्ट वाटण घातलं की फेरे पडतात, मोटर जास्त करंट ओढते, आणि फेरे पडले म्हणून पंख्याचा वाराही कमी होतो. गरम व्हायला जास्त, थंड व्हायला कमी. वाइंडिंगचं वार्निश वितळल्याचा तो ओळखीचा वास त्यानंतर येतो. दुकानदार देतोय त्या १००० वॅटच्या मशीनमध्ये याच जातीची मोटर असेल, तर मोठ्या भांड्यात तीच गोष्ट घडेल, चार महिने उशिरा.

म्हणून मोटरच्या पाटीवर दोन गोष्टी शोधा : मोटर इंडक्शन, म्हणजे कार्बन ब्रश नसलेली, आहे का, आणि ड्यूटी 'एस-१' लिहिली आहे का. एस-१ म्हणजे पूर्ण भाराने सतत चालणारी. फेऱ्यांच्या रकान्यात १४०० ते २९०० च्या आसपासचा आकडा दिसेल; तो बघून 'ही तर मिक्सरपेक्षा मंद' असं म्हणू नका. आणि वॅटची एचपीशी थेट तुलना करू नका. मिक्सरवरचे वॅट म्हणजे तो किती वीज खातो. मोटरवरचा एचपी म्हणजे दांड्यावर किती जोर मिळतो. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट जोर, आणि तेवढा द्यायला अशी मोटर प्लगमधून हजारेक वॅट घेते.

तुमच्या कामाला १ ते दीड एचपीचा, ५ लिटरचा टिल्टिंग मिक्सर (भांडं कलतं करून माल ओतता येतो असा) पुरे. भांडं ६० टक्के भरायचं, म्हणजे एका वेळी ३ किलोच्या आसपास. एका जेवणाला जास्तीत जास्त दोन घाणे. १० लिटरचा मोह होतो, पण मोठ्या भांड्यात अर्धा किलो चटणी टाकली की पात्याच्या वर काही राहतच नाही, सगळं भिंतीला जाऊन बसतं आणि पातं रिकामं फिरतं. त्याच कारणाने जुना मिक्सर दुरुस्त करून चटणी-ठेच्यापुरता ठेवा.

वाटायचा क्रमही सांगून ठेवतो, कारण निम्मा भार त्यावर असतो. भाजलेलं खोबरं-कांदा पूर्ण निवू द्या. गरम वाटण बंद भांड्यात वाफ धरतं आणि झाकण उडवतं. आधी खोबरं एकटं, कोरडंच, रव्याइतकं बारीक करा. मग कांदा. कांद्याच्या ओलीवर ते फिरायला लागलं की किलोला १००-१५० मिली पाणी, तेही दोन-तीन वेळा करून. सगळं एकदम टाकून वरून तांब्याभर पाणी ओतलं की खोबऱ्याचे तुकडे पात्यापासून निसटत राहतात आणि मशीन दुप्पट वेळ चालतं.

कापण्याच्या मशीनची तुम्हाला आज गरज नाही. रोज पंचवीस-तीस किलोंच्या वर भाजी-कांदा गेला की ते परवडायला लागतं. त्याआधी दोन चांगल्या सुऱ्या आणि धार लावायचा दगड बरा. कणकेचं म्हणाल तर ती कधीच प्रोसेसरमध्ये मळू नका. ताटाला ३ पोळ्या आणि पोळीला ३५ ग्रॅम धरले तर तुमची जवळपास १६ किलो भिजलेली कणीक होते. वेगाने फिरणाऱ्या पात्यात ती मळली न जाता तुटते, गरम होते आणि मोटरचा जीव घेते. कणकेचं मशीन वेगळंच असतं, मंद फिरणाऱ्या हाताचं. भाकरीची खाणावळ असेल तर तेही नको.

महामार्गावर कराडजवळ ढाबा आहे. रोज ४० किलो कांदा लागतो. सहा महिन्यांपूर्वी भाजी कापायचं मशीन घेतलं. पहिले दोन महिने छान. आता कांदा ओला निघतो, खाली पाणी साचतं, आणि तळायला टाकला की लाल व्हायच्या आधी मऊ पडतो. मशीन खराब निघालं का? – ढाबाचालक, सातारा जिल्हा

मशीन खराब नसावं. पातं बोथट झालंय. खात्रीसाठी एक किलो कांदा मशीनवर कापा, एक किलो चांगल्या सुरीने तेवढ्याच जाडीचा कापा. दोन चाळण्यांत ठेवा, खाली वाट्या, दहा मिनिटं थांबा. सुरीच्या वाटीत थेंब-दोन थेंब आणि मशीनच्या वाटीत चमचाभर असेल तर दोष धारेचा.

बोथट पातं कांद्याच्या पेशी कापत नाही, चिरडते. पेशी फुटल्या की आतला रस बाहेर येतो आणि त्यातलं एन्झाइम गंधकाच्या संयुगांशी मिसळतं. म्हणून तुमच्या माणसांचे डोळेही हल्ली जास्त चुरचुरत असतील. तो रस कढईत गेला की तेलाची उष्णता पाणी उडवण्यात खर्च होते. तोवर कांदा शिजतो, आणि शिजलेला कांदा पुन्हा कुरकुरीत होत नाही.

दोन महिन्यांत धार गेली त्याला बहुधा मातीच कारण. वरचं कोरडं साल काढून, पण न धुता कांदा मशीनमध्ये जात असेल, तर मुळांच्या चकतीत अडकलेली बारीक वाळू पात्यावर घासली जाते. बूड आणि शेंडा छाटून टाका, कांदा धुवा, निथळू द्या, मगच हॉपरमध्ये, म्हणजे माल टाकायच्या तोंडात, टाका. ओला कांदा लगेच कापला तर वाटीतलं पाणी कांद्याचं की नळाचं हे तुम्हाला कळणार नाही.

धार लावताना एक चूक सगळीकडे होते. चकतीवरचं पातं एकाच अंगाने उतरतं घासलेलं असतं, दुसरं अंग सपाट असतं. धारवाला सवयीने दोन्ही बाजूंनी घासतो. मग पात्याचा कोन बदलतो, कांदा पात्याखाली सरळ न जाता वर ढकलला जातो, आणि काप एका टोकाला जाड, एका टोकाला कागदासारखा पातळ निघतो. उतरत्या अंगानेच घासायला सांगा. सपाट अंगावर फक्त शेवटी एक हलका हात, कंगोरा काढण्यापुरता. ४० किलोला दोन-तीन आठवड्यांनी धार लागतेच. पात्यांचा दुसरा संच घेऊन ठेवा. एक धारेला, एक मशीनवर.

पात्याला धार लावूनही फरक पडला नाही तर फेरे बघा. चांगल्या भाजी-कटरची चकती पट्ट्याने किंवा गिअरने कमी करून मिनिटाला ३००-४०० फेऱ्यांवर चालवलेली असते. स्वस्तातल्या काही मशिनांत चकती थेट मोटरच्या दांड्यावर बसवतात, म्हणजे १४०० फेरे. काकडी-गाजराला ते चालून जातं. कांदा त्यात आपटतो. असं मशीन असेल तर धारेने फार फरक पडणार नाही, आणि पुढचं मशीन घेताना हा आकडा आधी विचारायचा.

कांदा हॉपरमध्ये सैल पडू देऊ नका. मोकळा कांदा पात्यावर उड्या मारतो आणि तिरका कापला जातो. घट्ट उभे भरा आणि दांड्याने बेताचा, सारखा दाब द्या. जोर लावून दाबलं की ताशी किलो वाढतात, पण पाणीही वाढतं. तळायच्या कांद्याला २ ते ३ मिमीची चकती. १ मिमीची कोशिंबिरीला शोभते, बिर्याणीला नाही. आणि कापलेला कांदा दुपारपर्यंत ठेवू नका. खरिपाचा नवा लाल कांदा असेल तर तासाभरातच कढईत जाऊ द्या, त्यात मुळातच पाणी जास्त. उन्हाळी कांदा थोडा दम धरतो.

तुमच्याकडे चौकोनी फोडींची जाळी असेल, तर सोबतची चकती जाळीच्या घराएवढ्याच जाडीची लावायची : १० मिमीच्या जाळीला १० मिमीची चकती. चकती जाड आणि जाळी बारीक झाली की फोडी जाळीत अडकतात आणि वरून लगदा व्हायला लागतो. उकडलेला बटाटा जाळीतून काढायचा प्रयत्न करू नका. तो फोडी म्हणून आत जातो आणि वडापावचं सारण होऊन बाहेर येतो.

दुकानदार चुंबक लावून दाखवतो, चिकटत नाही म्हणजे ३०४ स्टील. खरं का? – केटरर, मिरज

नाही. २०२ नंबरच्या स्वस्त स्टीललाही चुंबक जवळजवळ चिकटत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं; २०२ मध्ये निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं असतं. चिंच, आमसूल, टोमॅटो, मीठ यांच्या रोजच्या मुक्कामात २०२ वर आधी बारीक तांबूस ठिपके येतात, मग टाचणीच्या टोकाएवढे खड्डे. भंगारवाल्यांकडे आणि स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे मँगनीज ओळखायचं द्रावण असतं. त्याच्या थेंबाने फरक कळतो. दुकानात तो प्रयोग करू देत नसतील तर बिलावर 'भांडं व झाकण एसएस ३०४' असं लिहून घ्या. लिहायला खळखळ केली की उत्तर मिळालं.

स्टँड आणि बाहेरचा पत्रा २०२ चा असला तरी बिघडत नाही. आणि पात्याला चुंबक चिकटला म्हणून भांडू नका. धार टिकावी म्हणून पाती वेगळ्या, कडक होणाऱ्या स्टीलची करतात आणि त्याला चुंबक चिकटतोच.

२ एचपीचं सिंगल फेज ग्रेव्ही मशीन घेतलं. भांडं रिकामं असताना सुरू होतं, माल भरला की नुसतं गुणगुणतं आणि दिवे मंद होतात. कंपनीचा माणूस म्हणतो तुमची लाइट कमी येते, वायरमन म्हणतो मशीनचा दोष. कोण खरं? – हॉटेलचालक, कोरेगाव

दोघेही वायरीकडे बघत नाहीत. पत्रात तुम्ही लिहिलंय की मीटरपासून मशीन ४० मीटरवर आहे आणि वायर दीड चौरस मिमीची. उत्तर तिथेच आहे.

दीड चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीचा रोध किलोमीटरला १२ ओहम धरा. जाऊन-येऊन ८० मीटर, म्हणजे जवळपास १ ओहम. २ एचपीची सिंगल फेज मोटर चालताना १२ अँपिअरच्या आसपास घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाच पट. ५० अँपिअर धरले तरी वायरीतच ४८ व्होल्ट जिरले. मीटरपाशी २३० असले तरी मशीनपाशी १८२. आणि मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो : १८२ व्होल्टला तो ६३ टक्केच उरतो. रिकाम्या मशीनला तेवढा पुरतो, भरलेल्याला नाही. ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर टाकली की तोच रोध ०.३७ ओहमवर येतो आणि सुरुवातीची गळती १८-२० व्होल्टवर. मशीनसाठी वेगळा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा) आणि खरंखुरं अर्थिंग; नळाला बांधलेली तार म्हणजे अर्थिंग नव्हे. ओल्या फरशीवर, ओल्या हाताने वापरायचं मशीन आहे हे.

वायर बदलेपर्यंत मशीन आधी रिकामं सुरू करा, वेग धरला की माल सोडा. ग्रेव्ही मशीन तसंही हळूहळू भरवायचं असतं. गुणगुणणारं मशीन दोन-तीन सेकंदांत बंद करा. 'बघू सुरू होतंय का' म्हणत बटण धरून ठेवणं आणि पात्याला हाताने ढकलून चालना देणं, दोन्ही प्रकार दिसतात. पहिल्यात वाइंडिंग जातं, दुसऱ्यात बोटं.

नव्या वायरीवर, रिकामं असतानाही गुणगुणलं, तर मात्र कपॅसिटर बदलायचा. तो बाजारात सहज मिळतो, बाहेर लिहिलेल्या मायक्रोफॅरडचाच घ्या.

थ्री फेज असेल तर मशीन ३ एचपीपासून पुढे थ्री फेजच घ्यावं. पहिल्याच दिवशी भांड्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरतंय का बघा. उलटं फिरत असेल तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करायच्या. उलट्या दिशेने पात्याची पाठ मालाला लागते, वाटण होत नाही, आणि काही मशिनांत पात्याचा नट सैल होऊन भांड्यात पडतो. एक फेज गेली की मोटर बंद पाडणारं उपकरण स्टार्टरसोबत लावून घ्या. ते नसेल तर उरलेल्या दोन फेजवर मोटर गुणगुणत जळते.

आम्ही दहा जणी आलं-लसूण पेस्ट करून विकतो. मोठा मिक्सर घेतल्यापासून पेस्ट कडवट लागते, गरम होते, आणि मधूनच हिरवी पडते. आल्याचे दोरे पात्याला गुंडाळतात. – महिला बचत गट, वाई

तायांनो, हिरवेपणाचा मिक्सरशी संबंध नाही. फार थंडीत साठवलेला लसूण ठेचला की त्यातली गंधकाची संयुगं एकमेकांशी आणि अमिनो आम्लांशी जुळून हिरवट-निळा रंग धरतात. व्हिनेगर किंवा लिंबू पडलं की अधिकच. खायला तो अपायकारक नाही, पण गिऱ्हाइकाला ते पटवत बसण्यापेक्षा शीतगृहातला लसूण घेऊ नका. साध्या हवेत, कोरड्या जागी ठेवलेला घ्या आणि हिरवे कोंब काढून टाका. कडवटपणातला थोडा भाग त्या कोंबांचा असतो.

दोऱ्यांवर उपाय सुरीचा आहे. आलं लांबीने कापलं की दोरे लांब राहतात. आडवं कापा, ३-४ मिमीच्या चकत्या. दोरे आधीच तेवढे आखूड होतात आणि गुंडाळायला काही उरत नाही. भांड्यात आधी आलं आणि मीठ, ते बारीक झालं की लसूण. लसूण मऊ, तो आधी टाकला की त्याची पेस्ट होऊन बसते, त्यात आल्याचे तुकडे तरंगतात, आणि ते बारीक होईपर्यंत लसूण उगीच फिरत गरम होत राहतो. तुमची पेस्ट गरम आणि कडवट होते ती इथे. एक मिनिट चालवा, थांबवा, भिंतीवरचं खाली ओढा, पुन्हा एक मिनिट. हात लावून भांडं कोमट लागलं की थांबायचंच. आलं-लसूण आदल्या रात्री फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन मिनिटं जास्त मिळतात. एका रात्रीच्या गारव्याने लसूण हिरवा पडत नाही, आठवड्यांच्या साठवणीने पडतो.

विक्रीसाठी आणखी एक गोष्ट, मशीनची नाही पण सोडता येत नाही. वर तेलाचा थर देऊन, आंबटपणा न घालता बाहेर ठेवलेली लसणाची पेस्ट धोक्याची असते. तेलाखाली हवा नसते आणि बोटुलिझमचे जिवाणू नेमके अशाच जागी वाढतात. पेस्टचा पीएच ४.६ च्या खाली आहे हे प्रयोगशाळेतून तपासून घ्या, आणि फ्रिजमध्येच ठेवा असं बाटलीवर छापा.

आणि चालू मशीनपाशी पदर खोचलेला, हातात काचेच्या बांगड्या नाहीत, गळ्यात ओढणी नाही. झाकण उघडताच मशीन आपोआप थांबतं का, हे रिकाम्या मशीनवर दर आठवड्याला बघा. झाकणाचं ते बटण वारंवार अडतं म्हणून वायर जोडून कायमचं चालू करून ठेवलेली मशिनं असतात. तसं केलेलं असेल तर आजच काढा.

वाटणात काळपट रेषा दिसतात. खोबरं जास्त भाजलं म्हणून असेल का? – आख्खा मसूर हॉटेल, इस्लामपूर

भाजलेल्या खोबऱ्याचे ठिपके असतात, रेषा नसतात. रेषा म्हणजे ग्रीस. भांड्याच्या बुडातून पात्याचा दांडा वर येतो, तिथे रबराचं सील असतं. ते झिजलं की वाटणाचं पाणी खाली बेअरिंगमध्ये उतरतं आणि बेअरिंगचं काळं ग्रीस वर येतं. ते वाटण टाकून द्या, आणि सील बदलेपर्यंत मशीन वापरू नका.

तपासायला भांड्यात २ लिटर पाणी भरा, खाली कोरडा कागद अंथरा, दहा मिनिटं ठेवा. कागद ओला झाला तर सील गेलंय. नवं सील बसवताना दांड्यावर बोट फिरवून बघा. जुन्या सीलने तिथे चर पाडली असेल तर नवंही महिनाभरात गळेल, दांडा घासून घ्यावा लागतो. बेअरिंगसुद्धा त्याच वेळी बदला. आत पाणी गेलेलं बेअरिंग आज आवाज करत नसलं तरी पंधरा दिवसांनी करतं, आणि तेव्हा नवं सीलही सोबत नेतं. ग्रीस फूड ग्रेडचं मागा.

सील लवकर जातं ते दोन सवयींनी : भांडं रिकामं चालवून, आणि धुताना मशीनवर पाइपने पाणी मारून. धुवायचं ते प्लग काढून, पातं उतरवून, ब्रशने, गरम पाणी आणि साबणाने. निर्जंतुक करायचं असेल तर ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट लिटरला २ मिली घ्या, दोन मिनिटं ठेवा आणि साध्या पाण्याने धुऊन टाका. रात्रभर त्या पाण्यात बुडवून ठेवलं तर ३०४ च्या भांड्यालाही खड्डे पडतात.

कांदा-लसूण मसाल्यासाठी जुनं २ एचपीचं पल्वरायझर मिळतंय. घेताना काय बघू? खोबरं-तीळ त्यात होतील का? – गृहउद्योग, तासगाव

खोबरं-तीळ एकटे टाकलेत तर पाच मिनिटांत जाळी बुजेल. पल्वरायझरमध्ये हातोडे माल आपटतात आणि तो जाळीतून बाहेर पडेपर्यंत आतच फिरतो. तेलकट माल गरम झाला की तेल सोडतो, जाळीवर लेप बसतो, बाहेर काही पडत नाही, आणि आतलं आणखी तापतं. खोबरं भाजून पूर्ण निवू द्या, कीस करा, आणि भाजलेले धणे, मिरची यांच्यात मिसळून टाका. कोरडा माल तेल शोषून घेतो. जाळी मोठ्या भोकाची लावा आणि हवं तर दोनदा काढा. तळलेला कांदा-लसूण मात्र यात नकोच. तो कांडपावरच, डंकीच्या मुसळाखाली. तिथे मसाला तापत नाही आणि एकजीव होतो. हळद करणार असाल तर हळकुंडं आधी फोडून घ्या. अख्खं हळकुंड हातोड्याचे कोपरे मोडतं.

जुनं मशीन बघायला जाताना स्वतःचे दोन किलो धणे घेऊन जा. आधी प्लग काढून दांडा वर-खाली हलवून बघा. खडखडला तर बेअरिंग गेलंय. हातोड्यांचे कोपरे काटकोनात आहेत की गोल झालेत? गोल असतील तर किमतीतून नव्या संचाचे पैसे वजा करा. जाळीला ठिगळ किंवा फाटकी कड नको. तिचा तुकडा मसाल्यात जातो. मग धणे टाका आणि वीस मिनिटं चालवा. मोटरला हात टेकवून दहा सेकंद ठेवता आला पाहिजे. पाटी खरवडलेली किंवा नव्याने रंगवलेली असेल तर मोटर रिवाइंड झालेली आहे असं धरा. तेवढ्यावरून नाकारू नका, पण भाव पाडा.

नवं-जुनं काहीही घ्या, बेअरिंगवर छापलेला नंबर बघा. ६२०३, ६२०४ असे नेहमीचे नंबर असतील तर सांगली-मिरजेत बेअरिंगच्या कोणत्याही दुकानात तासाभरात मिळतील. पट्ट्यावरचा नंबरही तसाच बाजारातला हवा. कंपनीचंच मिळेल असं काही असेल तर ते मशीनसोबतच दोन नग घेऊन ठेवा, नाहीतर लगीनसराईत आठ दिवस कुरिअरची वाट बघावी लागेल. आणि भाव जीएसटी धरूनच विचारा. मसाला विकणाऱ्या नोंदणीकृत उद्योगाला तो कर बहुधा वळता करून मिळतो. ५ टक्के लावणाऱ्या खाणावळीला-हॉटेलला मिळत नाही, तिथे तो खर्चातच जातो.